तिकीट काढून राजवाड्यात

डोंगरकड्याहून मुंबईला निघालेला माणूस अर्धापूरमार्गे नांदेड गाठतो, देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. कुणाचं मंत्रालयात काम अडलेलं असतं, कुणाचं माणूस दवाखान्यात असतं. स्टेशनाबाहेर पडून समोरच्या इमारतींकडे मान वर करून बघायला सवड नसते. तरी एकदा बघावं. समोरच कॅपिटॉल सिनेमाची जुनी इमारत उभी आहे. तिथून महापालिका मार्गाने धोबीतलावापर्यंत चालत गेलं की मेट्रो थिएटर लागतं. तिथून जवळच, मरीन लाइन्सच्या बाजूला लिबर्टी. दक्षिणेला वळून चर्चगेटसमोर इरॉस. ओव्हल मैदान ओलांडलं की काळा घोड्यापाशी वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत, आणि शेवटी कुलाब्याच्या तोंडाशी रीगल. चार-पाच किलोमीटरांची वाट आहे. भारतात सिनेमा आला कसा, त्याला घर कुणी बांधून दिलं आणि त्या घरात कुणाला बसायला मिळालं, हे सगळं या एका वाटेवर चालता चालता कळतं.

वाटेच्या दोन टोकांवर बाप-लेक उभे आहेत. जिथे आपण उतरलो ते स्टेशन फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी बांधलं आणि वाट संपते ते रीगल त्यांचा मुलगा चार्ल्स स्टीव्हन्स यांनी. रीगलच्या समोर आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय असलेली खलाशांच्या निवासाची इमारतही थोरल्या स्टीव्हन्सचीच. बापाने दगड कोरून घेतला. कमानी, घुमट, पानंफुलं, पशुपक्षी. मुलाने सिमेंट-काँक्रीटच्या सरळ, स्वच्छ रेषा ओढल्या. चौकात उभं राहून दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं, की साठ वर्षांत शहराची आवड किती बदलली ते समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात मात्र वॉटसन हॉटेलात झाली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे हलती चित्रं दाखवली. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. तिकीट एक रुपया, म्हणजे साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं. पुढच्याच आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे दर ठरले, पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय झाली. कोण कुठे बसणार हा प्रश्न सिनेमाबरोबरच आला, आणि पुढची शंभर वर्षं प्रत्येक थिएटरच्या नकाशात तो राहिला.

पहिल्या काळात सिनेमाला स्वतःचं घर नव्हतं. तो नाटकाच्या थिएटरांत बिऱ्हाडासारखा राहायचा, नाहीतर मैदानात तंबू ठोकायचा. कॅपिटॉल हे मूळचं १८७९ सालचं गेइटी थिएटर, नाटकांसाठी बांधलेलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊसही नाटक-संगीतासाठीच उभं राहिलं. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांची ती कल्पना. इमारत पुरी होण्याआधीच, १९११ साली, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन उरकलं. बालगंधर्वांचा आवाज त्या घुमटाने ऐकला आहे. पुढे तिथे सिनेमे आले, १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं, १९९३ साली ते बंद पडलं. आभा नारायण लांबा यांनी काळजीपूर्वक दुरुस्ती केल्यावर २०१६ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडलं. तेवीस वर्षं कुलूपबंद असलेली वास्तू पुन्हा उभी करता येते, याचा इतका चांगला पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही.

खास सिनेमासाठी राजवाडा बांधायची कल्पना अमेरिकेतली. सुरुवातीला तिथे दुकानाच्या गाळ्यांत सिनेमे दाखवत. कोंदट जागा, लाकडी बाकं, नाव खराब. बायका-मुलांनी यावं, पैसेवाल्यांनीही यावं, म्हणून मालकांनी संगमरवर, गालिचे, झुंबरं आणि गणवेशातले डोअरकीपर आणले. न्यूयॉर्कचे थॉमस लॅम्ब यांनी अशी थिएटरं शेकड्यांनी बांधली. जॉन एबरसन तर छतावर निळं आकाश रंगवून त्यात तारे चमकवायचे. १९२७ साली उघडलेल्या न्यूयॉर्कच्या रॉक्सीत जवळजवळ सहा हजार माणसं बसत; १९६० साली ते पाडलं. दरवाजातून आत आलेल्या प्रत्येकाला, मग तो गिरणीत पाट्या टाकणारा का असेना, दोन-तीन तास घरचा पाहुणा मानायचं, असा तो व्यवहार होता. धंदाच होता तो. पण त्या धंद्यातून गरिबाच्या पायाखाली पहिल्यांदा गालिचा आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मुंबईत हा थाट १४ ऑक्टोबर १९३३ रोजी रीगलच्या रूपाने आला. मालक फ्रामजी सिधवा. संपूर्ण वातानुकूलित, तळघरात मोटारी ठेवायची सोय आणि तिथून वर यायला लिफ्ट. आतली सजावट कार्ल शारा या झेक कलावंताची. आरसे आणि सूर्याच्या पसरलेल्या किरणांची नक्षी. पाच वर्षांनी, १९३८ साली, काही महिन्यांच्या अंतराने इरॉस आणि मेट्रो उघडली. इरॉस शियावक्ष कावसजी कंबाटा यांचं, वास्तुकार सोराबजी भेडवार. समुद्र हटवून काढलेल्या नव्या जमिनीवर, आग्र्याच्या लाल दगडाचे पट्टे आणि मधे पिवळसर पांढरा रंग. दोन रस्त्यांवरून आलेल्या दोन भुजा कोपऱ्यात एका गोल मनोऱ्यापाशी मिळतात आणि त्या मनोऱ्याखाली दार. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लाखो लोकांच्या नजरेला ते दार रोज पडतं. मेट्रो मात्र थेट हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचं. त्याचा आराखडा त्याच थॉमस लॅम्ब यांचा, इथलं काम पाहणारे डी. डब्ल्यू. डिचबर्न, आणि भिंतींवरची चित्रं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी काढलेली. २१ मार्च १९५४ रोजी पहिला फिल्मफेअर पुरस्कार सोहळा इथेच झाला.

त्याच १९३८ साली आपल्याकडे काय चाललं होतं? मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबादच्या वसतिगृहातली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षण सोडून द्यायला तयार झाली होती. मुंबई आमच्यासाठी दुसऱ्या राज्यातलं शहर होतं. इरॉस-मेट्रोच्या दारातून तेव्हा इंग्रजी सिनेमे बघणारे लोक आत जात होते. ती दारं आपली नव्हती.

या लेखासाठी जुनी थिएटरं पाहत, वाचत फिरताना मन गुंतलं ते लिबर्टीत. कारण ते दार आपल्यासाठी उघडलं होतं. हबीब हुसेन यांना दिसत होतं की शहरातली सगळी देखणी थिएटरं इंग्रजी सिनेमांसाठी आणि हिंदी सिनेमे बघणाऱ्यांच्या वाट्याला उरलीसुरली. हिंदी सिनेमांसाठी तोडीस तोड थिएटर बांधायचं त्यांनी ठरवलं. पायाभरणी १९४७ सालची, म्हणून नाव लिबर्टी. वास्तुकार रिडली अॅबट काम चालू असतानाच विमान अपघातात गेले; पुढचं काम जे. बी. फर्नांडिस यांनी पुरं केलं. आणि आतल्या सजावटीसाठी आले एक मराठी वास्तुकार, वामन नामजोशी. २१ मार्च १९४९ रोजी मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने पडदा उघडला.

बाहेरून लिबर्टी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली उभी रेघ आणि त्यावर उजळलेली नावाची अक्षरं. खरी दौलत आत आहे. लाकूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस या दोन गोष्टींतून नामजोशींनी काय काय काढलं आहे! पडद्याच्या दोन्ही बाजूंना गोठलेल्या कारंज्यांसारखे आकार वर उसळलेले, त्यांच्या आड लपवलेले दिवे, आणि छताच्या एकात एक बसवलेल्या कडा. खेळ सुरू होण्याआधी दिवे सावकाश मंद होतात, तेव्हा उजेड कुठून येतोय ते कळतच नाही. नुसती भिंत उजळते आणि विझते. यात सुंदर दिसण्यापलीकडचा हिशेब आहे. बोलपट आल्यावर थिएटर बांधणाऱ्यांपुढे नवी अडचण उभी राहिली होती. गुळगुळीत, समोरासमोरच्या भिंतींवर आवाज आदळून परत येतो आणि संवाद कालवला जातो. भिंतीला वळण दिलं, वर पन्हळी काढल्या, लाकूड आणि कापड वापरलं, की आवाज मोडतो, मुरतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो. म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणतो ती पुष्कळदा कानांसाठी केलेली असते. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ लागला, तो शंभराहून अधिक आठवडे इथे चालला. त्यातली गाणी ऐकायला लोक पुन्हा पुन्हा आले, त्याचं थोडं श्रेय त्या भिंतींचंही आहे.

नामजोशींचं नाव मराठी माणसाला माहीत असायला हवं, आणि ते नाही, याची मला खंत आहे. बालगंधर्वांपासून दादा कोंडक्यांपर्यंत पडद्यावरच्या, रंगमंचावरच्या माणसांबद्दल आपण किती लिहिलं! ज्याने लाखो लोकांना तो आनंद बसून घेता येईल अशा जागा घडवल्या त्याच्यावर मराठीत एक धड पुस्तक शोधायला जावं लागतं. लिबर्टीनंतर मुंबईचं मराठा मंदिर त्यांचं. जयपूरचं राजमंदिर त्यांचं. १९७६ साली उघडलेलं राजमंदिर परदेशी प्रवासीही तिकीट काढून बघायला जातात. सिनेमा कळो न कळो, इमारत बघायची असते. बाहेरून लोण्यासारखी मऊ, गुलाबी वळणं, दर्शनी भिंतीवर नवरत्नांचे नऊ तारे, आत गोल दालन, झुंबरं. खुर्च्यांच्या वर्गांना नावं मोती, माणिक, पाचू, हिरा. स्वस्तातलं तिकीट घेणाराही कुठल्यातरी रत्नात बसतो.

मराठा मंदिर मुंबई सेंट्रलला, एस. टी. आगाराच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे रेल्वेने न जाता लाल गाडीने मुंबई गाठणाऱ्या आपल्या माणसाच्या उतरण्याच्या जागेला लागून. १६ ऑक्टोबर १९५८ रोजी बी. आर. चोप्रांच्या ‘साधना’ने ते सुरू झालं. ५ ऑगस्ट १९६० रोजी तिथे ‘मुघल-ए-आझम’चा पहिला खेळ झाला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. सजवलेल्या हत्तीवरून रिळं आली, थिएटरला मोगल महालाचं रूप दिलं गेलं, आणि तिकिटासाठी लोक रस्त्यावर मुक्काम टाकून राहिले. घरचे डबे रांगेत पोचवत होते. २० ऑक्टोबर १९९५ पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ लागला तो डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे ओलांडून गेला. २०१५ च्या फेब्रुवारीत खेळ बंद करायचं ठरलं आणि लोकांच्या आग्रहाने तो पुन्हा सुरू झाला. या विक्रमावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेकांनी शाहरुख-काजोलवर लिहिलं. माझ्या मते त्यात दोन गोष्टींचा मोठा वाटा आहे. तिकीट वर्षानुवर्षं पन्नास रुपयांच्या आत राहिलं, आणि शेजारी एस. टी. स्टँड होता. गाडीला तीन तास आहेत, हातात पिशवी आहे, बाहेर ऊन आहे किंवा पाऊस आहे, अशा माणसाला थंड हवेत, मऊ खुर्चीत, झुंबराखाली बसायची जागा तिथे होती. आज एवढ्या पैशांत या शहरात त्याला दुसरीकडे कुठे तसं बसू देतात?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या राजवाड्यांत सगळे सारखे नव्हते. बाल्कनीचा जिना वेगळा, स्टॉलचं दार वेगळं, पुष्कळ ठिकाणी तिकीटबारीसुद्धा वेगळी. रुंद संगमरवरी जिना बाल्कनीवाल्यांसाठी. पुढच्या बाकांवरचे लोक बाजूच्या बोळातून आत यायचे आणि मान उंचावून सिनेमा बघायचे. तरी अंधार झाल्यावर छत एकच होतं, पडदा एकच होता, आणि नाणी पुढूनच उधळली जात. त्या पुढच्या रांगांनी सिनेमा चालवला. मल्टिप्लेक्सने त्या रांगाच काढून टाकल्या. तिथे वेगळा जिना नाही हे खरं. कारण ज्याच्यासाठी वेगळा जिना होता तो माणूसच आता आत येत नाही.

आणि मराठी सिनेमाला तर राजवाड्याचं दार सहज कधीच मिळालं नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळण्यासाठी बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिकांना उभं राहावं लागलं. ज्या शहरात फाळक्यांनी सुरुवात केली त्या शहरात, दादरमध्ये! लालबागच्या भारतमाताने गिरणगावासाठी मराठी सिनेमे लावले, दादरच्या प्लाझाने लावले. म्हणूनच ती नावं घेतली की जुन्या मुंबईकराचा आवाज बदलतो.

आमच्या भागात मात्र सिनेमाने राजवाडा नाही, तंबू आणला. कळमनुरी तालुक्यातल्या केळीच्या आणि हळदीच्या पट्ट्यातून मोठा पडदा बघायचा तर नांदेड किंवा हिंगोली गाठायचं. नाहीतर जत्रेची वाट बघायची. ट्रकवर मशीन, पेट्या आणि कापड लादून टुरिंग टॉकीज जत्रेमागून जत्रा फिरायचे. साताऱ्याकडच्या पुसेगावसारख्या जत्रांत तर ते अगदी अलीकडेपर्यंत उभे राहत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूवाल्यांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. मला त्यातलं सगळ्यात मोठं सत्य तंबूच्या दारात दिसतं. कापडाचा तंबू, खाली माती. तरी दारावर कमान, कमानीला रंगीत पट्टे, दिव्यांच्या माळा, लाऊडस्पीकरवर घोषणा. कमानीची काही गरज नव्हती, कापड वर केलं तरी आत जाता आलं असतं. पण प्रेक्षक दारातून आत आला पाहिजे, हे तंबूवाल्यालाही कळत होतं. रीगलच्या मालकाला जे कळलं तेच.

इमारतीत सुरक्षिततेचाही इतिहास असतो, तो सहसा सांगितला जात नाही. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की विझत नाही. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या दिव्यामुळे आग लागून सव्वाशे माणसं गेली. तेव्हापासून मशीन रूम वेगळी, जाड भिंतींची, छोट्या झरोक्यांची झाली, आणि प्रेक्षागृहाची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. हे नियम मोडले की काय होतं ते १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहारमध्ये दिसलं. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. ५९ जीव गेले. रुंद जिने, मोठे फॉयर ही चैन नव्हती. एक खेळ सुटताना हजार माणसं बाहेर पडतात आणि दुसऱ्या खेळाची हजार आत यायला उभी असतात, त्यांना चेंगरू न देणारी ती मोकळी जागा होती.

राजवाडे पडले कसे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, करमणूक कराचा बोजा, जागेचे वाढलेले भाव. मग सरकारने मल्टिप्लेक्सला सुरुवातीच्या वर्षांत दिलेली करसवलत, जी जुन्या थिएटरांना मिळाली नाही. मग डिजिटल यंत्रांचा खर्च, मग २०२० ची टाळेबंदी. मॅजेस्टिक गेलं. ‘शोले’ पाच वर्षं चालवणारं मिनर्व्हा गेलं. दादरचं चित्रा मे २०१९ मध्ये बंद झालं. मेट्रोचं २००६ साली मल्टिप्लेक्स झालं. इरॉस काही वर्षं बंद राहून २०२४ साली आयमॅक्सचा मोठा पडदा घेऊन उघडलं. ओव्हलच्या भोवतालचा परिसर ३० जून २०१८ रोजी जागतिक वारसा यादीत गेला, त्यात रीगल आणि इरॉस आहेत. त्यामुळे त्यांचं बाह्यांग तरी आता सुरक्षित आहे. पण थिएटर दर्शनी भिंतीत नसतं. दारापासून खुर्चीपर्यंतची वाट, छताखालचा एकत्र अंधार आणि परवडणारं तिकीट हे तिन्ही टिकलं तर ते टिकलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा रस्त्यावर उभे राहून लोक रडले. ती वास्तू त्यांनी आपली मानली होती.

तालुक्याच्या गावांतल्या जुन्या टॉकीजना वारसा यादी नाही. कुठे गोदाम होतं, कुठे मंगल कार्यालय, कुठे नुसतं बसस्टॉपला नाव उरतं. ती सगळी वाचवता येणार नाहीत, हे मान्य करू. नोंदवता मात्र येतील. सिनेमागृहाच्या परवान्यासाठी अर्जासोबत इमारतीचे नकाशे द्यावे लागतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या फायली परभणीच्या अभिलेखात शोधाव्या लागतील. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या मुलांनी, तालुक्यातल्या शिक्षकांनी टेप आणि कॅमेरा घेऊन जावं. नकाशे उतरवावेत, फॉयर, जिना, तिकीटबारीची मापं घ्यावीत, जुन्या ऑपरेटरांना आणि डोअरकीपरांना बोलतं करावं. सुरुवात मशीन रूमपासून करावी, कारण भंगारवाला सगळ्यात आधी तिथेच येतो.